सासूची नक्कल

डोमाजी कापगते यांच्या घरात त्यांच्याच नाटकाची प्रत नव्हती.

"एकच वही होती, ती कंपनीला देऊन टाकली. अकरा वर्षं झाली," ते म्हणाले. त्यांच्या ओसरीवर मी नागपूरहून आणलेली पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. अंगणात धानाची पोती रचलेली होती आणि आतून त्यांच्या बायकोने पाठवलेला चहा माझ्यासमोर निवत होता. डोमाजी निवृत्त प्राथमिक शिक्षक, साठीचे, अंगात बंडी आणि गळ्यात मफलर. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या मुलखात, त्या काळी सगळ्यात जास्त चालणाऱ्या नाटकांपैकी एक त्यांनी लिहिलेलं. "तुम्ही वडशाला मनिराम सहारेकडे जा. कंपनीचा प्रॉम्प्टर आहे. त्याच्या वहीत सगळं नाटक मिळेल. फक्त सासू मिळणार नाही जी."

मला वाटलं, ती भूमिका मागाहून गाळली असेल. तसं विचारलं.

"गाळली कुठं? सासूवरच तर नाटक चालते," ते म्हणाले. "पण वहीत नाही." याहून जास्त काही सांगायला ते तयार नव्हते. चहा थंड होतो आहे, एवढंच म्हणाले.

ही गोष्ट डिसेंबर १९८८ ची. मी सव्वीस वर्षांची होते. नागपुरात महालात आमचं बोकारे प्रकाशन होतं, म्हणजे खरं सांगायचं तर दहावी-बारावीची गाईडं काढणारं दुकान. ते वडिलांनी, अण्णांनी, उभं केलं होतं आणि मी तिथे प्रुफं तपासायची. आदल्या वर्षी मावसबहिणीच्या सासरी, अर्जुनीकडच्या एका खेड्यात, मी शंकरपटाला गेले होते. बैलांच्या शर्यती संपल्यावर शेतात मांडव घालून 'अर्ध्या बांधाची सून' हे नाटक झालं. चार हजार माणसं तिकीट काढून बसली होती. ट्रॅक्टरने, बैलगाड्यांनी, पायी आलेली. दुसऱ्या दिवशी मी त्या नाटकाचं पुस्तक शोधायला लागले. गावात नाही, ब्रह्मपुरीच्या दुकानात नाही, नागपुरात तर नाहीच. त्याचंच कशाला, तिकडच्या एकाही नाटकाचं छापील पुस्तक मला मिळालं नाही.

चार हजार माणसं जे ऐकायला येतात ते कागदावर कुठेच कसं नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. वर्षभर अण्णांच्या मागे लागून मी एका पुस्तकाची परवानगी मिळवली. ते खपलं नाही तर पुन्हा विषय काढायचा नाही, या बोलीवर.

मनिराम सहारे वडशाला राईस मिलच्या मागे राहत. पन्नाशीचे, बारीक, आणि प्रॉम्प्टर असून इतकं हळू बोलणारे की मला दोनदा विचारावं लागे. त्यांची वही खताच्या पिशवीत गुंडाळून फडताळात ठेवलेली होती. त्यांनी ती दिली, पण घराबाहेर न्यायची नाही म्हणाले. मी त्यांच्या पडवीत बसून दोन दिवस ती उतरवून घेतली.

नाटक सरळ होतं. दोन भाऊ वेगळे होतात, धाकट्याच्या वाटणीला कमी शेत येतं, त्याची बायको गरीब घरची. पहिल्या दोन अंकांत सासू तिला छळते. तिसऱ्या अंकात मुलगाच बायकोला टाकायला निघतो, पंचायत बसते, आणि तिथे सासू उठून स्वतःच्या मुलाविरुद्ध बोलते. मागच्या वर्षी त्या बोलण्याला माझ्या शेजारची म्हातारी पदर तोंडात धरून रडली होती, आणि मधेच हसलीही होती. मलाही नेमके शब्द आठवत नव्हते. वहीत ते असतील म्हणून मी भराभर पुढे गेले. तिथे लिहिलं होतं, 'बाई बोलतात.' त्याखाली फक्त शेवटचे चार शब्द, म्हणजे पुढच्या नटाने कधी सुरुवात करायची ते कळावं म्हणून. मग मी मागची पानं चाळली. सासूच्या प्रत्येक प्रवेशात तेच. तेवीस ठिकाणी 'बाई बोलतात'.

"सायत्राबाईले सांगावं लागत नाही," मनिराम म्हणाले. "सुरुवातीला मी लिहून घ्यायला बसलो होतो. त्या म्हणाल्या, नको लिहू. मग नाही लिहिलं."

नटाला पाठ करायला त्याच्या वाट्याचे संवाद वेगळ्या कागदांवर उतरवून देतात, त्याला नक्कल म्हणतात. सुनेची नक्कल होती, मुलाची होती, पाटलाची, हवालदाराची, सगळ्यांची होती. सासूची कधी निघालीच नव्हती.

सायत्राबाई रामटेके त्याच गावात, रेल्वे फाटकापलीकडे दोन खोल्यांत राहत होत्या. त्रेपन्न वर्षांच्या. नवरा कधीच गेलेला, मुलगी लग्न होऊन साकोलीला. मी गेले तेव्हा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. मंचावर मी पाहिलेली उंच, दांडगी बाई प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागत होती. मी पुस्तकाचं सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, कोण छापतं, किती प्रती, कुठे विकणार, असं एकेक विचारलं, आणि पान कापता कापता म्हणाल्या, "छाप ना. चांगलं हाय. माहं नको छापू."

मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "नको म्हटलं ना." आणि मला जेवून जायला सांगितलं.

मी संध्याकाळच्या एसटीने पुन्हा डोमाजींच्या गावी गेले आणि तिथेच राहिले. त्यांना सरळ विचारलं, सासूचं बोलणं तुम्ही लिहिलंत की नाही.

"सहा ओळी लिहिल्या होत्या," डोमाजी म्हणाले. "खाष्ट सासू. येते, ओरडते, जाते. सायत्राबाई तोवर नायिका करायची. त्या वर्षी कंपनीने नवीन मुलगी आणली आणि हिला सासू दिली. पहिल्या तालमीला सहा ओळी म्हणून झाल्या आणि ही थांबेना. बोलतच राहिली. मी मालकाकडे पाहिलं, मालकाने माझ्याकडे. कोणी थांबवलं नाही." त्यांनी कंदिलाची वात वर केली. "लेखक म्हणून बोर्डावर माझं नाव होतं. ते मी तसंच राहू दिलं."

त्यांना पुस्तक हवं होतं. माझ्यापेक्षा जास्त हवं होतं. त्यांचा मुलगा चंद्रपूरला सरकारी कचेरीत होता आणि बापाच्या नाटकांना तो तमाशा म्हणायचा. छापलेलं पुस्तक त्याच्या टेबलावर ठेवायचं, एवढंच त्यांना करायचं होतं. पण सासूविना ते नाटक म्हणजे काहीच नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं.

मी म्हणाले, मला लघुलेखन येतं. सरकारी नोकरीच्या परीक्षेसाठी अण्णांनी शिकायला लावलं होतं. कोणी कितीही भरभर बोललं तरी मी उतरवू शकते.

डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मफलर काढून पुन्हा गुंडाळला. "नवीन नायिका आली आहे, म्हणून या आठवड्यात तालमी आहेत," ते म्हणाले. "वडशाला, मिलच्या गोदामात. दुपारी दोनला."

गोदामात कोंड्याचा वास होता. पोती एका बाजूला सारून मधे जागा केलेली. मी पोत्यांच्या मागे, जरा अंधारात, वही गुडघ्यावर घेऊन बसले. नटमंडळी सवडीने आली. हवालदार झालेला माणूस खरोखरचा शिंपी होता आणि गळ्यात टेप घेऊनच आला होता. सायत्राबाई सगळ्यांत शेवटी आल्या. त्यांनी विडीची पानं दाराशी ठेवली, पदर खोचला आणि नव्या मुलीला म्हणाल्या, "घाबरू नको. मी जे बोलीन ते तू पहिल्यांदाच ऐकून राहिली, असं ऐक."

त्या बोलायला लागल्या तेव्हा पहिली पाच मिनिटं मी लिहायचंच विसरले. आवाज मोठा नव्हता, पण गोदामाच्या पार टोकाला बसलेल्या हमालांनी काम थांबवलं. मग माझा हात सुरू झाला. तेवीसपैकी एकोणीस जागा मला त्या दुपारी मिळाल्या, उरलेल्या चार दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. त्यांनी कालच्यापेक्षा तीन ठिकाणी वेगळं म्हटलं. शब्द वेगळे, पण शेवटचे चार मात्र तेच, कारण त्यांवर समोरच्याची सुरुवात अवलंबून होती.

तालीम संपल्यावर त्या पोत्यांमागे आल्या. माझ्या वहीतल्या रेघा आणि टिंबं त्यांनी वाकून पाहिली. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी ते वाचता आलं नसतं.

"काय लिहून राहिली?"

"वडिलांना पत्र," मी म्हणाले.

"मंग माही खुशाली सांग त्याइले," त्या म्हणाल्या, आणि दाराशी ठेवलेली पानं उचलून गेल्या.

त्या रात्री लॉजच्या खोलीत मी वहीवरून साधी प्रत करायला बसले. सकाळच्या गाडीने नागपूर गाठायचं ठरलं होतं. सगळं उतरलं, फक्त पंचायतीच्या प्रवेशात एका शब्दाला अडले. लघुलेखनात घाईने स्वर आणि हलका ह गाळतात, फक्त ठळक व्यंजनं राहतात. सासू मुलाला विचारते, 'दुसऱ्याच्या बांधीतून आणून आपल्या बांधीत रोवलं, त्याले पाणी कोणं द्यावं?' त्या 'रोवलं'च्या आधी माझ्या वहीत नुसते प आणि र होते. ते पोर असेल, म्हणजे सून. किंवा पऱ्हं असेल, म्हणजे धानाचं रोप. तिकडे धानाचे पऱ्हे एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, वाढवतात, मग उपटून दुसऱ्या बांधीत रोवतात. दोन्ही अर्थ बसत होते. मी ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं, दोन्ही तऱ्हेने. कळेना.

हे मी पुढे भाषणांतून सांगितलं तेव्हा लोकांना वाटलं की माझं मन मला खाऊ लागलं म्हणून मी सकाळी सायत्राबाईंकडे गेले. तसं नव्हतं. मी त्या शब्दासाठी गेले. तो कोणता आहे हे कळल्याशिवाय मला गाडीत बसवेना. विचारलं की मी चोरून उतरवलं हे उघड होणार, हेही मला ठाऊक होतं, आणि तरी मी गेले.

त्या ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. मी समोर बसले आणि विचारलं.

त्यांचा हात थांबला. "तुले काऊन पायजे?"

मी पिशवीतून वही काढली.

"म्हंजे बापाले पत्र नोती लिहत."

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी दोन विड्या वळून पूर्ण केल्या. दोरा बांधला, टोकं दुमडली. मला वाटलं आता जायला सांगतील. पण त्या माझ्याच प्रश्नाकडे वळल्या. "पऱ्हं म्हणतो मी," त्या म्हणाल्या. तिकडे बायकाही 'मी म्हणतो, मी जातो' असंच बोलतात. "पण असं म्हणतो का लोकायले पोर ऐकू येते. अर्धा मांडव पऱ्हं ऐकते, अर्धा मांडव पोर. कोणी हासते, कोणी रडते. तू कोनचं छापशील?"

छापायचं तर एकच छापता येणार होतं.

"वाच," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काय काय घेतलं माहं, ते वाच."

मी पहिल्यापासून वाचायला लागले. मला अभिनय येत नाही, आणि नागपूरच्या माझ्या बोलण्यात त्यांचे शब्द परके वाटत होते. सायत्राबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्या अकरा वर्षं ते बोलत होत्या, पण स्वतःच्या तोंडाबाहेर त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. पहिल्या अंकात त्या एकदोनदा हसल्या. एका जागी मला थांबवून म्हणाल्या, "हे मी बोलतो?" मी हो म्हटलं. "लय वाईट बोलतो," त्या म्हणाल्या आणि पुढे वाचायची खूण केली. पंचायतीच्या प्रवेशाला त्यांनी डोळे मिटले. ओठ माझ्याबरोबर हलत होते, पण माझ्या थोडे पुढे.

वाचून झालं तेव्हा ऊन ओट्यावरून उतरलं होतं.

"नायिकेचं काम माह्याकडून गेलं ना," त्या म्हणाल्या, "तवा माही नक्कल, मनिराम मले वाचून दाखवे ती, त्या नव्या पोरीले देल्ली. माह्याच हातची घडी पडलेली. सारं तिच्यात होतं, कुठं थांबाचं, कुठं पाहाचं. एका आठवड्यात ती उभी झाली. तवा मले समजलं का कागद असला का मी नसली तरी चालते." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "म्हून सासूचा कागद होऊ देल्ला नाही. त्यायले मले घ्याच लागते."

मला तोवर वाटत होतं की न छापणं हा तिकडचा मागासलेपणा आहे, आणि मी काहीतरी वाचवायला आले आहे. मी वहीतली ती पानं धरली आणि फाडू लागले.

"फाडू नको," सायत्राबाई म्हणाल्या. "तुह्या हातची मेहनत हाय. मनिरामच्या वहीत काय लिवलं हाय तिथं?"

"बाई बोलतात."

"मंग तेच छाप."

मी त्यांना समजावलं की पुस्तकाला भोकं ठेवून चालत नाही, असलं पुस्तक कोणी घेणार नाही. त्यांनी खांदे उडवले. ते माझं काम होतं, त्यांचं नव्हतं.

डोमाजींना हे सांगायला मी त्याच दिवशी गेले. मला वाटलं, ते म्हणतील की मग माझ्या सहा ओळी तरी घाला. त्यांनी सगळं ऐकलं, अंगणात जाऊन उगाच पोत्यांवरून हात फिरवला, परत आले. "माझ्या सहा ओळी घालू नका," ते म्हणाले. "आणि पहिल्या पानावर मला काही लिहायचं आहे." त्यांनी लिहून दिलं, ते मी एक शब्द न बदलता छापलं. सासूची भूमिका माझी नाही. ती सायत्राबाई रामटेके यांची आहे. ज्यांना हे नाटक करायचं असेल त्यांनी ती त्यांना बोलावून त्यांच्याकडूनच ऐकावी. खाली वडशाचा पत्ता.

अण्णांनी पहिलं प्रूफ पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, कंपोझिटरने मजकूर गाळला. मी म्हणाले, नाही, 'बाई बोलतात' आणि शेवटचे चार शब्द सोडून तेवढी जागा मोकळीच राहणार आहे. प्रत्येक जागी जितकं बोलणं असेल तितकी जागा मी मोजून सोडली होती. पंचायतीच्या प्रवेशात तर समोरासमोरची दोन्ही पानं कोरी. अण्णा बराच वेळ ती पानं बघत राहिले. आपलं एकच पुस्तक ठरलं होतं, तेवढी त्यांनी आठवण करून दिली.

पुस्तक दिवाळीला आलं. पहिली पत्रं तक्रारीची होती. आमच्या प्रतीत पानं कोरी आहेत, बदलून द्या. मग जानेवारीत सायत्राबाईंचं पत्र आलं, शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. कुठल्या गावच्या मंडळाने पुस्तकावरून नाटक बसवलं आहे आणि सासू म्हणून त्यांना बोलावलं आहे, जाऊ का, असं विचारलं होतं. मी लिहिलं, जा. त्या हंगामात सात गावांनी बोलावलं, पुढच्या वर्षी त्याहून जास्त. कंपनीचा हंगाम होळीला संपायचा. गावांची बोलावणी चैत्रातही यायची.

सगळ्यांचं भलं झालं असं मात्र नाही. कंपनीच्या मालकांची काही गावं गेली आणि ते माझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. डोमाजींनी पुस्तक चंद्रपूरला नेऊन मुलाच्या टेबलावर ठेवलं. मुलाने ते तिथेच राहू दिलं, एवढं मला ते आनंदाने सांगत. पण त्यांचं पुढचं नाटक कुठल्याच कंपनीने घेतलं नाही. हा माणूस छापून टाकेल, असं सगळ्यांनी धरलं. शेवटचं नाटक त्यांनी मला दिलं. मी ते छापलं आणि ते कोणीही केलं नाही. याचं ओझं माझ्यावर आहे आणि ते मी कधी झटकलेलं नाही.

माझं पुढचं आयुष्य त्या दोन दुपारींनी ठरवलं. गाईडं चालूच राहिली, त्यांच्या जोरावर मी हिंडले. पैठणी विणणारे, मिरजेचे तंबोरे करणारे, लग्नाचे बँडवाले, मूर्तिकार. प्रत्येकाला मी तेच विचारत गेले. यातलं तुमचं काय आहे, आणि ते तुमच्याकडून गेलं तर तुम्ही कशावर जगाल. कलेच्या अर्थकारणावरची माझी चार पुस्तकं अशी झाली. पुढे मुंबई-दिल्लीच्या सभांमध्ये लोक त्याला सर्जनशील अर्थव्यवस्था म्हणू लागले आणि मला बोलावू लागले. मी तिथे आकडे सांगायचे. सायत्राबाईंचं सांगायला लागले की वेळ संपायची.

१९९६ मध्ये आरमोरीकडच्या एका गावाहून मला पत्र आलं. तिथल्या महिला मंडळाने 'अर्ध्या बांधाची सून' बसवलं होतं. सायत्राबाईंना बोलवायची त्यांची ऐपत नव्हती, म्हणून मोकळ्या जागांत त्यांनी आपलंच बोलणं लिहिलं. आता कोणीतरी म्हणालं की हा गुन्हा आहे, म्हणून परवानगी मागितली होती. खाली सही वच्छला नैताम, अंगणवाडी सेविका.

परवानगी देणारी मी कोण. मी पत्र घेऊन वडशाला गेले आणि सायत्राबाईंना वाचून दाखवलं. त्या एकसष्ट वर्षांच्या झाल्या होत्या, गुडघे दुखायचे, तरी अजून हंगामात दहा-बारा गावं करायच्या. त्यांनी पत्र पुन्हा वाचायला लावलं. "कवा हाय?" त्यांनी विचारलं.

खेळ दुपारी होता, शाळेच्या पटांगणात, कारण संध्याकाळी बायकांना स्वयंपाक असायचा. आम्ही कोणाला न सांगता गेलो आणि मागे चटईवर बसलो. पहिले दोन अंक मी नाटकाकडे कमी आणि सायत्राबाईंकडे जास्त पाहिलं. त्या पुढे वाकून बसल्या होत्या, हनुवटी तळहातावर. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. वच्छलाच सासू झाली होती. पस्तिशीची, किडकिडीत, आवाज बारीक. तिची सासू ओरडत नव्हती. ती सुनेकडे बघायचीच नाही, आणि सगळं दुसऱ्या कोणाला तरी उद्देशून म्हणायची.

पंचायत बसली. माझ्या पुस्तकातल्या दोन कोऱ्या पानांची वेळ आली. वच्छला उठली, मुलाकडे पाहिलंच नाही, चालत गेली आणि जमिनीवर सुनेच्या शेजारी बसली. काखेतल्या पिशवीतून एक जुनं, घड्यांवर विरलेलं लुगडं काढलं. "तुह्यासाठी घेतलं होतं," ती म्हणाली. "पंधरा वरसं पेटीत होतं. घे." बस्स. त्यावर मनिरामच्या वहीतले शेवटचे चार शब्द कसेबसे जोडले आणि पंचायत पुढे सरकली.

खेळ संपला तशा सायत्राबाई उठल्या आणि गर्दीतून पुढे गेल्या. मी मागोमाग. वच्छलाने त्यांना ओळखलं आणि तिचा रंग उडाला. ती पाया पडायला वाकली, सायत्राबाईंनी तिला दंडाला धरून उभं केलं.

"हे कुठून आणलं?"

"माही सासू मेली तवा तिच्या पेटीत निघालं," वच्छला म्हणाली. ते लुगडं अजून तिच्या हातात होतं. "माह्यासाठी घेतलं होतं, असं नणंद म्हणाली. तिनं देल्लंच नाही कधी. म्हून इथं मी देऊन टाकलं."

सायत्राबाईंनी लुगड्याच्या काठावरून बोट फिरवलं.

"माहं काही घेतलं नाहीस," त्या शेवटी म्हणाल्या. "तुहं हाय. पण तिसऱ्या चटईच्या मागं कोणाले ऐकू नाही आलं. गळ्यातून बोलतेस. पोटातून काढ. उभी राय इथं."

त्यांनी तिला पटांगणाच्या एका टोकाला उभं केलं आणि स्वतः दुखऱ्या गुडघ्यांनी दुसऱ्या टोकाला गेल्या. म्हण, म्हणाल्या. वच्छलाने म्हटलं. नाही आलं, म्हणाल्या, पुन्हा. मी पिशवी घेऊन शाळेबाहेर रस्त्यावर येऊन थांबले, कारण आरमोरीची बस तिथून सुटायची. पहिली बस आली, गेली. दुसरीही गेली. कंडक्टरने विचारलं, येताय का, मी मान हलवली. आतून एकच वाक्य पुन्हा पुन्हा, आधी पुटपुटल्यासारखं, मग जरा पुढे येत. तिसरी बस वळणावर दिसली तेव्हा ते मला रस्त्यावर स्वच्छ ऐकू आलं.

तुह्यासाठी घेतलं होतं. घे.